अंबाबाईची ओटी कशी भरायची आणि त्यातल्या वस्तूंचा अर्थ काय

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळासमोर महाद्वार रोडला गेलं की तयार ओटीचा सेट मिळतो, नारळ, ब्लाऊजपीस, चार बांगड्या, हळदकुंकवाची पुडी, सगळं प्लास्टिकमध्ये पॅक. घाईत चालतं ते, पण मला वाटतं निदान एकदा तरी घरून स्वतः जमवून ओटी न्यावी, कारण यातली प्रत्येक वस्तू कशासाठी आहे हे जमवतानाच कळतं.

मुळात ओटी म्हणजे ओटीपोट, आईची कूस. लेक सासरी निघाली की आपण तिची ओटी भरतो, तुझं घर भरलेलं राहो म्हणून, आणि अंबाबाईला आपण आईही मानतो आणि घरची लेकही मानतो, म्हणून तिचीही भरायची.

सामान असं घ्या: साडी जमत असेल तर साडी आणि खण, नाहीतर नुसता खण (साडी नऊवार पाहिजेच असं काही नाही, पण कुणालातरी नेसता येईल अशी सुती घ्या, जाळीदार नायलॉनची नको), शेंडीचा नारळ, तांदूळ, हळदकुंकू, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, खोबऱ्याची वाटी, विड्याची पानं, हिरव्या बांगड्या, गजरा किंवा वेणी आणि एक नाणं. तांदूळ निवडून घ्या, तुकडा नको. अक्षता अखंडच लागतात कारण आपण मागतोय तेही न तुटणारं असावं असा त्यामागचा भाव आहे. काहीजण गहू घेतात, तेही चालतं, धान्य महत्त्वाचं.

हळकुंड निवडताना मात्र जरा वेळ द्या. वाण्याकडे लेकुरवाळं हळकुंड मागा, म्हणजे मधल्या जाड कांडीला बाजूनं छोटी छोटी बोटं फुटलेली असतात ते. आई आणि तिला बिलगलेली लेकरं असं ते दिसतं, म्हणूनच ते नाव. सुट्टं गुळगुळीत हळकुंड घेतलं तर हा अर्थच जातो ना!

आता भरायचं कसं. आधी देवीला हळदकुंकू वाहा. मग साडी, त्यावर खण आणि खणावर नारळ असं दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्या, शेंडी देवीकडे करा, हात छातीच्या उंचीला धरा आणि मनातलं बोला, मग ते देवीच्या पायाशी ठेवा आणि त्यावर बाकीचं सामान घालून तांदळानं ओटी भरा. हे घरच्या देवीपुढं निवांत होतं. देवळात गाभाऱ्यात आपल्याला जाता येत नाही, पुजारी ओटी घेतात आणि मागं रांग ढकलत असते, म्हणून ताटात सगळं आधीच नीट लावून न्या आणि जे मागायचं ते रांगेत असतानाच मागून घ्या.

समोर गेल्यावर एक आठवा. अंबाबाईच्या खालच्या उजव्या हातात म्हाळुंग आहे, साडी-दागिन्यांमुळं पटकन दिसत नाही पण आहे. बाकीच्या हातांत गदा, ढाल आणि पानपात्र. म्हाळुंगाला संस्कृतात बीजपूर असंही म्हणतात, बियांनी भरलेलं फळ. आपण जिची ओटी भरायला जातो ती स्वतःच भरलेलं फळ हातात धरून उभी आहे, मला तर हे दरवेळी नव्यानं भारी वाटतं.

ओटी देताना बहुतेकजण सर्वमंगल मांगल्ये म्हणतात. हा श्लोक दुर्गासप्तशतीच्या ११ व्या अध्यायातला आहे. तो एका दमात पळवू नका, कारण त्यात बहुतेक नुसत्या हाकाच आहेत: शिवे म्हणजे कल्याण करणारी, सर्वार्थसाधिके म्हणजे सगळी कामं पार पाडणारी, शरण्ये म्हणजे जिच्याकडं आसरा मागावा ती, त्र्यंबके म्हणजे तीन डोळ्यांची, मग गौरि आणि नारायणि. शेवटी फक्त नमोऽस्तु ते, तुला नमस्कार असो. पुष्कळजण शरण्ये आणि त्र्यंबके एकत्र बोलून टाकतात, तिथं जरासं थांबा म्हणजे दोन्ही हाका वेगळ्या कळतात.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. नवरा नाही म्हणून एखादी काकी, मावशी मागं उभी राहते आणि ताट दुसरीच्या हातात देते, असं करू देऊ नका. आई लेकीला असं विचारून जवळ घेते का? आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना तो आदर्श घ्यायला सांगितलं. मग ओटीच्या ताटाला कुणी का अडवावं! पुरुषानं दिली तरी चालते, भाव पाहिजे.

घरी भरलेल्या ओटीतला नारळ दुसऱ्या दिवशी फोडून प्रसाद वाटा, तांदळाची खीर किंवा साधा भात करा, साडी-खण स्वतः वापरा किंवा गरज असलेल्या बाईला द्या, सुपारी-हळकुंड पुढच्या पूजेला ठेवा. पंचगंगेत मात्र काही सोडू नका. नवरात्रात जाणार असाल तर पहाटेच निघा आणि काचेच्या बांगड्या रुमालात गुंडाळून न्या, गर्दीत फुटतात.