मीटर १२.६ दाखवतो, तरी गाडी मेलेली

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून मी रत्नागिरीत एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे चिकटलो, तेव्हा मल्टीमीटर माझ्या खिशात होता आणि अक्कल अजून यायची होती. पहिल्याच पावसाळ्यात पावस गावाहून एक निवृत्त गुरुजी लहान पेट्रोल गाडी घेऊन आले. तक्रार अशी: चावी फिरवली की दिवे, काटे सगळं नीट लागतं. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, मारला की एकच ‘टक्’, आणि सगळं गुल. दिवे नाहीत, हॉर्न नाही. मग बोनेट उघडून बंद केलं की कधी आपोआप जीव येतो, पण घड्याळ पुन्हा शून्यापासून.

मी मीटर लावला. १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. ‘सेल्फ गेलाय’ असं छातीठोक सांगितलं. दोन तास आडवा पडून सेल्फ उतरवला, टेबलावर थेट बॅटरी देऊन फिरवला, तर भिंगरीसारखा फिरला. कार्बन ब्रश साफ करून परत चढवला, गाडी पहिल्या झटक्यात सुरू! मजुरी घेतली. तिसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन हातखंब्याहून: गाडी नाक्यावर मेली.

उस्ताद मला घेऊन गेले. त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (वर आलेल्या शिशाच्या टोकावर) टेकवली आणि दुसरी त्याच खुंटावर बसवलेल्या क्लॅम्पवर, म्हणजे वायरच्या पकडीवर. मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी चुकतंय. शिशाला शिसं चिकटलेलं, तिथे काय दिसणार? “गुरुजी, मारा सेल्फ.” टक्. मीटरवर जवळजवळ बारा. अख्खी बॅटरी त्या कागदाएवढ्या फटीत अडकली होती.

क्लॅम्प काढला तर आत पांढरट थर, आणि क्लॅम्प सैल पडतो म्हणून कुणीतरी कोंबलेला पत्र्याचा तुकडा, गंजून लाल झालेला. बोल्ट मात्र करकचून आवळलेला होता, म्हणून हलवून बघितलं तरी कळत नव्हतं. आणि माझी ‘दुरुस्ती’ चालली कशी? सेल्फ उतरवण्याआधी मी नियमाप्रमाणे निगेटिव्ह काढला होता, नंतर परत लावला. तेवढ्या घासण्याने संपर्क दोन दिवस टिकला, सेल्फचा काही संबंध नव्हता. उस्तादांनी मजुरीचे पैसे तिथल्या तिथे गुरुजींना परत दिले आणि माझ्या पगारातून कापले. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

आता यामागचं गणित, कारण ते एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम सोपं होतं. समजा त्या सांध्यात अर्धा ओहम अडथळा आहे. आतला छोटा दिवा पाच वॅटचा, तो अर्ध्या अँपिअरहूनही कमी करंट घेतो. सांध्यात जेमतेम ०.२ व्होल्ट पडतात, दिवा मस्त लागतो. मीटर तर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्याला पूर्ण बॅटरी दिसते. सेल्फला मात्र लहान गाडीतसुद्धा शंभर-दीडशे अँपिअर लागतात, आणि बारा व्होल्टला अर्ध्या ओहममधून २४ च्या वर जाणारच नाहीत. सेल्फ ओढतो, सगळा दाब सांध्यावरच पडतो, गाडीच्या बाजूला काही उरत नाही. त्यात सांधा तापून उरलासुरला संपर्कही सुटला, तर चावी सोडल्यावरही दिवे परत येत नाहीत. म्हणून बिनलोडच्या, म्हणजे काहीही करंट ओढत नसतानाच्या, रीडिंगवर मी आता भरवसा ठेवत नाही.

गाडी समोर आली की आधी कान द्या. ‘कट-कट-कट-कट’ आणि दिवे मंद होत असतील तर बहुधा बॅटरी उतरलेली आहे. दिवे लख्ख आणि सेल्फ गप्प असेल तर सोलेनॉईड आणि रिले (सेल्फला करंट जोडून देणारे विजेचे स्विच), चावीचा स्विच, आणि ऑटोमॅटिक गाडीत गिअर योग्य जागी आहे का, हे बघा. एक ‘टक्’ आणि सगळा काळोख, तर सांधा. गिऱ्हाइकाला विचारा, हल्ली बॅटरीला कुणी हात लावला होता का. ‘हो, पाणी घातलं’, ‘हो, नवीन बसवली’ हे उत्तर फार वेळा मिळतं.

मग गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, चावीवर एक माणूस. सेल्फ मारत असतानाच मोजायचं, दहा सेकंदांच्या वर नाही. खुंट ते क्लॅम्प, दोन्ही बाजूंना: ०.१ च्या वर गेलं तर सांधा उघडा. निगेटिव्ह खुंट ते इंजिनाचा उघडा धातू, आणि पॉझिटिव्ह खुंट ते सेल्फचा जाड बोल्ट: अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर त्या वाटेवर सांधा-सांधा शोधत जा. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टी विसरू नका. कोकणात ती आतून सडते, वरून बरी दिसते. ती तुटली की करंट मिळेल ती वाट धरतो. जुन्या गाड्यांत क्लच किंवा ॲक्सिलरेटरची केबल तापून धूर आला, तर दोष केबलचा नसतो.

दोन्ही खुंटांवर थेट मोजूनही सेल्फ मारताना मीटर शून्याकडे कोसळला, तर बॅटरीच्या आतला जोड तुटलाय. अशी बॅटरी पडून असताना १२.६ दाखवते आणि लोडवर मरते. चार्ज करून उपयोग नाही, बदलायलाच हवी. ९.६ च्या खाली जाऊन तिथेच रेंगाळत असेल तर आधी नीट चार्ज करा, मग लोड टेस्ट (मोठा करंट ओढून व्होल्ट बघणं), मग निकाल. खुंट, क्लॅम्प, अर्थ सगळं चोख आणि तरी केबिन मेलेली, तर मुख्य फ्यूज आणि त्याचे बोल्ट बघा.

साफसफाईला खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी, वायर ब्रश, आणि सोडा बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ द्यायचा नाही. सुकल्यावर क्लॅम्प बसवून वरून व्हॅसलीन. निगेटिव्ह आधी काढायचा, शेवटी लावायचा. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. माझ्या मित्राच्या बोटाला अंगठीचा डाग कायमचा आहे, पाना पॉझिटिव्हवर असताना बॉडीला टेकला होता. क्लॅम्पचे दोन्ही कान एकमेकांना टेकले असतील तर तो फाकलाय. पत्रा कोंबू नका, नवा घाला.

एक जुनी सवय मात्र सोडा: अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चालतोय का बघायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढणं. आमच्या आधीच्या पिढीने ते बिनधास्त केलं. आताच्या गाडीत त्या झटक्याने ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. मीटर लावा, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसलं की झालं. हल्ली पुष्कळ गाड्यांत निगेटिव्ह क्लॅम्पवरच सेन्सरची डबी असते. क्लॅम्प बसेना म्हणून तिथे हातोडी घातलीत तर पगारातून कापायला माझ्या उस्तादांची गरज पडणार नाही.