कॉलेजात गणित शिकवताना पोरं गप्प बसू नयेत म्हणून काय करायचं

बीएस्सी फर्स्ट इयरच्या वर्गात पहिल्या दिवशी "बारावीला गणितात किती पडले?" हे विचारूच नका. आपल्या नागपुरात हा प्रश्न पोरांना निकालापासून प्रत्येक पाहुण्याने विचारलेला असतो, आणि वर्गात बरेच असे असतात की जेईई दिली, मनासारखं इंजिनिअरिंग नाही मिळालं म्हणून इथं आले, ते आधीच स्वतःला नापास समजून बसलेले असतात. त्यापेक्षा एक चिठ्ठी द्या, त्यावर नाव लिहायला लावू नका, फक्त एवढंच लिहा म्हणा की गणितातली कोणती गोष्ट कधीच नीट कळली नाही. चिठ्ठ्या वाचल्या की दिसतं, कुणाचं अपूर्णांकापाशी अडलंय, कुणाचं लॉगपाशी, आणि तेच पुढच्या आठवड्यात शिकवताना कुणाचं नाव न घेता मधे मधे पेरत जायचं.

आडनावावरून, गावावरून, कॅटेगरीवरून काहीही वर्गात बोलायचं नाही. स्कॉलरशिप, फ्रीशिप, कास्ट व्हॅलिडिटीचे कागद राहिले असतील तर ती नावं भर वर्गात मोठ्याने वाचू नका, ऑफिसने सांगितलं तरी नाही, नोटीस पूर्ण वर्गाला द्या किंवा ज्याचं त्याला बाजूला सांगा. ज्या पोरीचं नाव असं वाचलं गेलं ती नंतर चाळीस जणांसमोर हात वर करून "सर हे नाही समजलं" म्हणेल असं मला तरी वाटत नाही.

आता खरं शिकवण्याचं. "सोपं आहे", "हे तर दहावीचं आहे", "ट्रिव्हियल", हे शब्द तोंडातून काढूनच टाका. ज्याला जमत नाहीये त्याला त्यातून एवढंच ऐकू येतं की आपण सोप्यातही मागे आहोत. आणि "समजलं का?" विचारलं की वर्ग एका सुरात "हो सर" म्हणतो, त्यात काही कळत नाही, त्याऐवजी "यातली कोणती ओळ सगळ्यात अवघड वाटली, वहीत टिक करा" असं म्हणा आणि बाकांमधून एक चक्कर मारा. प्रश्न विचारला की थांबा पण. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधकांनी 1970च्या दशकात पाहिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबतात, तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प असणारेही बोलतात. गणिताला तर मी म्हणेन त्याहून जास्त थांबा, कारण पोरगं मनातल्या मनात आधी इंग्रजी उलगडून राहिलं असतं, मग गणित.

भाषेचं मनावर घ्याच. काटोल, उमरेड, रामटेककडून येणाऱ्यांपैकी अनेक जण मराठी माध्यमातले, ते निश्चयक शिकून आलेत, डिटरमिनंट ऐकून त्यांना वाटतं हे नवीनच काहीतरी. फळ्यावर दोन्ही शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो. वर्गात हिंदी बोलणारेही असतात, त्यांना हिंदीत विचारू द्या, उत्तर मिसळून द्या, पेपरातलं इंग्रजी वाक्य शेवटी सगळ्यांनी मिळून लिहायचं.

एप्सिलॉन-डेल्टाला, म्हणजे लिमिटच्या काटेकोर व्याख्येला, तर हे सांभाळणं फारच लागतं, तिथं पोरं सगळ्यात जास्त गळतात. आधी त्यांना सांगा की न्यूटन आणि लायब्निट्झने कलन (कॅल्क्युलस) 17व्या शतकात मांडलं, पण लिमिटची ही काटेकोर व्याख्या 19व्या शतकात कोशी, वायरस्ट्रास या गणितज्ञांच्या हातून पक्की झाली, म्हणजे जगातल्या मोठ्या डोक्यांनाही दीडशेच्या वर वर्षं लागली, तुम्हाला दोन तासात नाही कळलं तर त्यात लाज कसली. मग दोघादोघांच्या जोड्या करा. f(x) = 3x + 2, x एककडे जातो, लिमिट 5. एक जण एप्सिलॉन देणार, म्हणजे f(x) 5 च्या किती जवळ हवं ते, समजा 0.3, दुसऱ्याने त्याला पुरेल असा डेल्टा द्यायचा, म्हणजे त्यासाठी x एकच्या किती जवळ ठेवायचा ते, 0.1. पहिला म्हणतो 0.03, दुसरा 0.01. चार फेऱ्यात पोरं स्वतःच म्हणतात की अरे, तीनने भागायचं फक्त, कारण |3x + 2 − 5| म्हणजे 3|x − 1|. मग विचारा, डेल्टावाल्याने आधी बोलायचं ठरलं तर? कोणताही डेल्टा सांगितला तरी समोरचा त्याहून बारीक एप्सिलॉन काढून त्याला हरवतो, आणि व्याख्येत कोण आधी येतं ते का महत्त्वाचं हे त्यांना तिथंच कळतं, पाठ न करता.

चूक फळ्यावर आली की पुसू नका लगेच. (a + b)² = a² + b² लिहिलं कुणी, तर a = 1, b = 1 टाकून बघ म्हणा, एकीकडे 4, दुसरीकडे 2. आणि हेही सांगा की 2(a + b) = 2a + 2b बरोबर आहे ना, तोच नियम तू इथं लावलास, म्हणजे चुकीमागे विचार होता. मान खाली घालून बसणारं पोरगं हे ऐकून पुढच्या वेळी स्वतःहून उठतं.

छोट्या गोष्टी पण आहेत. एसटीने येणाऱ्यांना उशीर होतो, म्हणून सकाळच्या पहिल्या तासाला नवीन व्याख्या सुरुवातीच्या दहा मिनिटांत नको, तेव्हा कालचं एखादं उदाहरण द्या. हिरव्या फळ्यावर लाल खडू नको, ज्यांना लाल-हिरवा फरक दिसत नाही त्यांच्यासाठी ती ओळ नसल्यासारखीच. लिहिता लिहिता मोठ्याने वाचा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्कॅल्क्युलिया (आकडे-गणित जड जाणं), डिस्लेक्सिया (वाचन जड जाणं) धरलेत, आणि ज्यांना लेखनिक घ्यायची मुभा आहे त्यांना लेखी परीक्षेत ताशी किमान 20 मिनिटं जास्त द्यायची, असं केंद्राच्या सूचनांत आहे. हे विद्यार्थ्याने मागायची वाट बघू नका, सत्राच्या सुरुवातीलाच वर्गाला सांगा.

इंटरनलचा पेपर तपासून दिला की चुकलेली गणितं परत सोडवून, कुठं आणि का चुकलं ते दोन ओळीत लिहून आणणाऱ्याला गेलेल्यातले अर्धे मार्क परत द्या, जिथं नियमात बसतं तिथं. पेपरनंतर कुणी अचानक यायचं बंद झालं तर फोन करा, "काहून नाही येऊन राहिला" एवढं आपुलकीनं विचारलं तरी बरेच जण परत येतात. बॅक लागल्यामुळे, म्हणजे विषय राहिल्यामुळे, कुणी फार खचलेलं दिसलं तर सरकारची मानसिक आरोग्याची टेलीमानस हेल्पलाइन 14416 आहे, मोफत आहे, नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा.

आणि "शंका असली तर केबिनमध्ये या" म्हणून कुणी येत नाही, विशेषतः घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेलं पोरगं तर नाहीच. रीडिंग रूममध्ये ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळेला बसा, आणि दोघं-तिघं मिळून या असं सांगा, एकट्याने यायला बिचकणारे मैत्रिणीचा हात धरून येतात.