लाईट जायच्या आधी लिनक्सवरचे प्रोग्रॅम टर्मिनलमधून नीट बंद कसे करायचे

पावसात फोंड्याला लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही, दुकानातल्या पीसीवर रायटरमध्ये (लिब्रेऑफिसचा वर्डसारखा प्रोग्रॅम) चवथीच्या पत्रिका उघड्या, यूपीएस बोंबलतोय आणि तुम्ही घरी. अशा वेळी एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून त्या पीसीचं टर्मिनल उघडून, आत शिरून बरेच जण सरळ किल ही कमांड मारतात. नका मारू.

साधा किल १५ नंबरचा सिग्नल पाठवतो, सिगटर्म. तो जातो प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, विंडोला नाही, काही प्रोग्रॅम तो पकडून आवराआवर करतात पण 'सेव्ह करू का' विचारत बसणारे थोडेच. ९ नंबर तर प्रोग्रॅमला पकडताच येत नाही, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच, त्याला उडवतो. एक्सकिल ही कमांडही त्यातलीच, स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या एक्स सर्व्हरशी त्या प्रोग्रॅमचं कनेक्शनच तोडते.

आपल्याला पाहिजे ते कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केल्यासारखं. त्यासाठी डब्ल्यूएमसीटीआरएल नावाचं छोटं टूल आहे, डेबियन-उबुंटूवर याच नावाने मिळतं (टाईप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं). ज्या युजरने डेस्कटॉपवर लॉगिन केलंय त्याच युजरने एसएसएच करा, कुठल्या स्क्रीनवर काम करायचं ते सांगणारं डिस्प्ले व्हेरिएबल एक्स्पोर्ट करून :० द्या, बहुतेक ठिकाणी तोच असतो, नाहीतर :१ बघा. मग या टूलला डॅश एल देऊन विंडोंची लिस्ट काढा. पहिल्या कॉलममध्ये विंडोचा आयडी, दुसऱ्यात डेस्कटॉपचा नंबर, तिथे -१ दिसलं तर ते बहुतेक पॅनल वगैरे असतं, त्याला हात लावू नका.

बंद करायला डॅश सी आणि टायटलचा तुकडा. पण तुकडा जुळणारी जी पहिली विंडो मिळेल तीच बंद होते, 'पत्रिका' नावाच्या चार फायली उघड्या असल्या तर नको ती जाईल, म्हणून मी आयडीच देतो, डॅश आय डॅश सी आणि पुढे तो ०एक्सवाला नंबर.

आता दोन-चार सेकंद थांबून परत लिस्ट काढा. विंडो अजून तिथेच असेल तर बहुतेक सेव्हचा डायलॉग उत्तराची वाट बघतोय, तिथे चिडून ९ मारलात तर सगळी मेहनत पाण्यात, त्यापेक्षा दुकानात जो कोण असेल त्याला फोन करून सेव्ह दाबायला सांगा. स्क्रिप्ट लिहिणार असाल तर तिलाही इथे थांबायला शिकवा, शटडाऊन -१वाल्या सोडून बाकी लिस्ट रिकामी झाल्यावरच.

एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर मात्र हे टूल फक्त एक्सवेलँडमधून (जुने एक्सवाले प्रोग्रॅम वेलँडवर चालवणारा दुवा) चालणाऱ्या विंडो बघतं, बाकीच्या त्याला दिसतच नाहीत. स्वे हा वेलँडवरचा विंडो मॅनेजर वापरत असाल तर त्याच्या स्वेएमएसजी या कमांडला किल सांगा, नाव भयंकर असलं तरी हा किल विंडोला सभ्यपणे बंद व्हायलाच सांगतो.