पावसाआधी शिवाराची एक फेरी: पाणी कुठून येईल, आधी काय बुडेल

पेरणीच्या तोंडावर बियाणं, खत, औजारं, मजूर यांची जुळवाजुळव आपण न चुकता करतो. पाणी चढलं तर ते कुठून येईल, आधी काय बुडेल, जनावरं कुठे न्यायची, याचा विचार मात्र पाणी दारात आल्यावर सुरू होतो. म्हणून पहिल्या मोठ्या पावसाआधी एक सकाळ राखून ठेवा आणि शिवार पायी फिरा. हवामान खात्याचा इशारा मोठ्या भागासाठी असतो. तुमच्या ओढ्याच्या वळणावर किंवा गोठ्यामागच्या उतारावर काय होईल, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. माझ्या मते आपत्तीची निम्मी तयारी या एका फेरीतच होते.

फेरी वरून खाली करा, पाणी वाहतं त्याच दिशेने. वरच्या अंगाला नवा रस्ता झाला आहे का, जमीन सपाट केली आहे का, झाडी तोडली किंवा जुना चर बुजवला आहे का, ते आधी बघा. यातलं काहीही वर्षभरात बदललं असेल, तर मागच्या पावसाळ्यात कोरडी राहिलेली जागा यंदाही कोरडी राहील असं धरू नका. ओढ्याकाठच्या झाडांच्या फांद्यांत काटक्या, पाचोळा, प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या असतात. त्या किती उंचीवर आहेत ते हाताने मोजा. तिथवर पाणी आलं होतं याचा तो पुरावाच. मोरीच्या दगडावरची गाळाची रेघ, काठाची कापली गेलेली माती, कायम चिबड राहणारा तुकडा, हेही टिपून ठेवा.

गावातली वयस्कर माणसं सोबत असतील तर फार बरं. पण त्यांना ‘पूर केवढा होता’ असं विचारू नका, उत्तर मोघम मिळतं. पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं, चढायला किती वेळ लागला, दिवसा आलं की रात्री, गुरं कुठल्या वाटेने काढली, असं विचारा. जी पायरी, जो दगड ते दाखवतील तिथे ऑइल पेंटने रेघ मारा आणि शेजारी साल लिहा. जपानमधल्या आनेयोशी या गावात 1933 च्या त्सुनामीनंतर लोकांनी एक दगड उभा केला. या जागेच्या खाली घरं बांधू नका, असं त्यावर कोरलेलं आहे. गावाने ते पाळलं आणि 2011 च्या त्सुनामीचं पाणी त्या दगडाच्या खालीच थांबलं.

आता ही रेघ आपल्या घराच्या जोत्याशी ताडून बघायची. नजरेने उतार ओळखण्यात भले भले चुकतात. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, त्यात पाणी भरा आणि बुडबुडे पूर्ण जाऊ द्या. एक टोक पुराच्या रेघेवर धरा, दुसरं गोठ्याच्या खांबाला लावा. दोन्ही टोकांतलं पाणी स्थिर झालं की त्याची पातळी सारखी असते. रेघेवरचं पाणी रेघेशी जुळवून खांबावर खूण करा. ती खूण गोठ्याच्या जमिनीपासून गुडघाभर वर निघाली, तर तेवढाच पूर पुन्हा आल्यावर गोठ्यात साधारण गुडघाभर पाणी उभं राहणार. अंतर जास्त असेल तर टप्प्याटप्प्याने पुढे जा. एक मात्र लक्षात ठेवा: पुराच्या पाण्यालाही प्रवाहाच्या दिशेने उतार असतो. त्यामुळे लांबच्या पुलावरची खूण आपल्या घराला लावू नका, जवळचीच घ्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांनी खालच्या खुणेपेक्षा पाणी जास्त चढेल असंच धरावं.

पाणी किती येतं याचा अंदाज पाठ असू द्या. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. रात्रीत 100 मिलिमीटर पडला तर एकट्या हेक्टरवर 10 लाख लिटर. जमीन आधीच भिजलेली असेल तर त्यातलं बरंचसं वाहून बांधाच्या सांडव्याकडे आणि मोरीकडे धावतं. मोरीच्या पाइपचा व्यास निम्मा केला तर पाणी जायची वाट चौथाई होते, निम्मी नाही. त्यामुळे स्वस्तात पडतो म्हणून लहान पाइप टाकू नका, आणि आहे त्या पाइपच्या तोंडाशी साचलेला गाळ, झुडपं पावसाआधी काढा. बांधाच्या शेजाऱ्याशी बोलून पाण्याची वाट ठरवायची असेल तर ती याच दिवसांत ठरवा. भर पावसात ते बोलणं भांडणावर जातं.

‘पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे मागच्या वर्षी आला की आता पंचवीस वर्षं निर्धास्त, असा अनेकांचा समज असतो. खरा अर्थ असा की दर वर्षी तो येण्याची शक्यता 4 टक्के असते. हिशेब केला तर 30 वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 70 टक्के भरते. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचीसुद्धा 30 वर्षांत सुमारे 26 टक्के शक्यता असते. गोठा, शेडनेट, पॅकहाऊस यांसारखं कायमचं बांधकाम कुठे करायचं हे ठरवताना हा आकडा समोर ठेवा.

मग त्या खुणेच्या खाली आपलं काय काय आहे ते बघा. बियाणं एकाच खोलीत ठेवू नका. थोडं उंचावर, थोडं गावातल्या दुसऱ्या घरी ठेवा. मोटरचा स्टार्टर खुणेच्या वर घ्या. धान्यात घालायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुठे आहेत ते आजच शोधा. त्यांना ओल लागली की फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू सुटतो. बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो. गोळ्यांचा हवाबंद डबा राहत्या घराबाहेर, कुलपात आणि उंच, कोरड्या जागी ठेवा. कळीचा चुनाही पाणी लागलं की भयंकर तापतो. त्याचं पोतं कडब्याजवळ नको. कीटकनाशकं भुईवर ठेवलेली असतील तर ती पाण्याबरोबर विहिरीपर्यंत जातात.

पुरात जनावरांचं नुकसान पुष्कळदा गळ्यातल्या दाव्यामुळे होतं. मोकळं जनावर पोहून किंवा चढणीला लागून वाचू शकतं, बांधलेलं जागीच बुडतं. पावसाळाभर दाव्याला एका ओढीत सुटणारी गाठ मारा आणि ती घरातल्या प्रत्येकाला अंधारात सोडता आली पाहिजे. एकदा दिवा मालवून करून बघा. गुरांची उंचावरची जागा आत्ताच ठरवा आणि तिथे दोन-तीन दिवसांची वैरण ताडपत्रीखाली नेऊन ठेवा. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी टोचून घ्या, कारण लशीचा उपयोग व्हायला काही आठवडे लागतात.

वीज हा शेतात काम करणाऱ्याला सगळ्यात जवळचा धोका, आणि सगळ्यात दुर्लक्षित. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि 3 ने भागा: वीज तेवढे किलोमीटर लांब आहे. 30 सेकंदांच्या आत गडगडाट आला तर काम तिथेच सोडा. पक्क्या घरात किंवा धातूच्या टपाच्या बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका. झाडाखाली, उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये, तारेच्या कुंपणाजवळ थांबू नका. रबरी चप्पल घातली म्हणून वीज सोडत नाही. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते. गुरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने करंट त्यांच्या छातीतून जातो, म्हणूनच एका झाडाखालची गुरं एकदम दगावतात.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. पत्र्यांचे हूक, शेडनेटच्या तारा, फळझाडांचे टेकू तपासताना हे ध्यानात असू द्या. डोंगरउतारावर राहत असाल तर जमिनीला नव्या भेगा, झाडं किंवा खांब कलणं, दारं अचानक घट्ट होणं, कोरड्या जागी नवा झरा फुटणं, ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, यातली एक खूणही पुरेशी आहे. दरड कोसळण्याआधी याहून मोठा इशारा मिळेलच असं नाही. खूण दिसली की घर सोडा.

कधी निघायचं ते आज ठरवा, त्या रात्री नाही. मोरीवर दोन रेघा मारा. पाणी पहिलीला लागलं की गुरं सोडायची, दुसरीला लागलं की माणसांनी निघायचं. दुसरी रेघ इतकी खाली हवी की निघायची वाट तोवर कोरडी असेल. वाहतं पाणी 15 सेंटिमीटर असलं तरी मोठ्या माणसाचा पाय उचलतं, 30 सेंटिमीटरला लहान गाडी तरंगू लागते. रेघ बघायला कोण जाणार, म्हाताऱ्या माणसांना कोण आणणार, हेही नावानिशी ठरवा. शेत, गोठा, यंत्रं यांचे फोटो आधीच काढून ठेवा. नुकसानीनंतर आधीची स्थिती दाखवायला दुसरं काही नसतं.

पूर ओसरला की चर फोडून उभं पाणी काढा. मुळांना हवा मिळाली नाही तर बहुतेक पिकं एक-दोन दिवसांतच माना टाकतात. वाफसा येण्याआधी ट्रॅक्टर घालू नका, जमीन दबून पुढचा हंगामही बिघडतो. बुडालेली मोटर वाळवून, वाइंडिंग तपासून घेतल्याशिवाय चालू करायची नाही. विहिरीत पुराचं पाणी गेलं असेल तर उपसा करून, ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय ते कुणी पिऊ नये.