माळवदाच्या वाड्याची नोंद: आधी फीत, मग थापी

आमच्या बार्शी भागात दगडी जोतं, कच्च्या विटांच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, म्हणजे सपाट धाब्याचं छप्पर, असे वाडे अजून उभे आहेत. दुरुस्तीला गवंडी शिरला की पहिल्या दिवशीच निम्मा पुरावा ढिगाऱ्यात जातो. आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवत आयुष्य गेलं, म्हणून असेल, पण मोजमाप झाल्याशिवाय मी कुणाला टिकाव लावू देत नाही.

फीत धरायला दोन माणसं हवीत. खोलीच्या चार बाजू घेतल्यात तरी दोन्ही कर्ण घ्याच. जुनी खोली काटकोनात नसली तर ते तिथेच कळतं. मापं एका कोपऱ्यातून सलग वाचा. भिंतीचा कल ओळंब्याने पाहा. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी आडवी मारा, वर तारीख लिहा. पावसाळ्यानंतर पट्टी तडकलेली दिसली तर भेग अजून चालू आहे.

खरा वेळ माळवदाला द्या. आधीच खचलंय तिथे उकरून थर मोजा: तुळया, सरे (तुळयांवरची आडवी लाकडं), फळ्या, पाला, मग माती. गळलं की वर नवी पांढरी माती पडते, जुनी कुणी उतरवत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि असली जड छपरं माणसांवर कोसळली. तेव्हा जुना थर काढल्याशिवाय नवा टाकायचा नाही, इथे मी मालकाशी भांडतो.

सिमेंटचा गिलावा तर नकोच. जोत्यातून चढलेली ओल तो आत कोंडतो. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते आणि आत तळच्या विटांचा भुगा झालेला असतो. त्यापेक्षा मूळ विटेचा तुकडा काचेच्या बरणीत पाण्यात घोळून ठेवा. वाळू लगेच बसते, त्यावर गाळ, चिकणमाती सगळ्यात शेवटी. तसंच प्रमाण असलेली माती शोधा, गव्हाचा भुसा घालून काही दिवस कुजू द्या आणि भिंत ओली करून पातळ थरांनी लिंपा. हात कुठे लावला तेही नकाशावर रंगवून ठेवा.

कागदांत ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा, म्हणजे घराच्या कर आकारणीचा, उतारा जोडा. घरातल्या आजीकडून प्रत्येक खोलीचं नाव विचारून घ्या. नकाशावर नुसतं ‘खोली क्र. ३’ नको.

छपराचं पाणी बाहेर टाकणाऱ्या पन्हळींची दुरुस्ती मात्र नोंदीसाठी अडवून ठेवू नका. पाणी भिंतीवर पडत असेल तर फोटो काढा आणि आजच पत्र्याचा तुकडा लावा.