विद्यापीठाचं क्लाउड खातं: विदर्भातल्या खेड्यांतून ब्रिटनला येणाऱ्यांसाठी

दारव्हा, मेहकर, सिंदेवाही अशा भागांतली आपली पोट्टे-पोट्टी इकडे शिकायला येतात तेव्हा खोली, बँक आणि थंडीचे कपडे याबद्दल हमखास विचारतात. नोंदणी होताच विद्यापीठ जे ईमेल आणि क्लाउड खातं (फाइली इंटरनेटवर ठेवायची जागा) देतं, त्याबद्दल कोणी विचारत नाही. बहुतेक ठिकाणी ते मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह असतं, काही ठिकाणी गूगल ड्राइव्ह. अटींवर टिक करून ते सुरू होतं. त्या अटी एकदा बसून वाचा.

मूळ गोष्ट एवढीच की खातं विद्यापीठाचं आहे आणि ते अभ्यास-संशोधनासाठी दिलेलं आहे. किरकोळ खासगी वापर सहसा चालवून घेतात. मात्र त्यावरून धंदा करणं, सिनेमे किंवा स्कॅन केलेली पुस्तकं वाटणं चालत नाही. इथली विद्यापीठं जॅनेट या शिक्षणसंस्थांच्या इंटरनेट नेटवर्कला जोडलेली आहेत आणि ते चालवणाऱ्या जिस्क संस्थेचेही वापराचे नियम आहेत. जागेचंही बघा. 2021 मध्ये गूगलनं शिक्षणसंस्थांची अमर्याद जागा बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि अख्ख्या संस्थेला मिळून 100 टेराबाइट अशी मूळ मर्यादा ठरवली. पुढे मायक्रोसॉफ्टही त्याच वाटेनं गेलं. चुलतभावाच्या हळदीचा व्हिडिओ तुम्ही तिथे टाकता तेव्हा तो सगळ्यांच्या वाट्याची जागा खातो.

पासवर्डची सवय मात्र मुळापासून बदलावी लागते. आपल्याकडे सेतू केंद्रातल्या भाऊला पासवर्ड सांगून शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून घेतात, घरातला एक फोन चौघं वापरतात. इथे ते खातं फक्त तुमचं. धाकट्या भावाला वर्ड-एक्सेल फुकट मिळावं म्हणून लॉगिन दिलं, तर खातं बंद होऊ शकतं आणि जबाबदार तुम्हीच.

सातबारा, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये किंवा तुमच्या खासगी खात्यात ठेवा. मास्टर्स बहुधा वर्षभराचंच असतं आणि ते संपलं की हे खातंही जातं. वैधता काढायला घरच्यांनी किती खेटे घातले ते तुम्हाला माहीत आहे. फोनवर वनड्राइव्हचं ॲप टाकलं की ते कॅमेऱ्यातले फोटो आपोआप चढवू का विचारतं. नाही म्हणा, नाहीतर आईच्या शुगर रिपोर्टचा फोटोसुद्धा विद्यापीठाच्या सर्व्हरवर जाऊन बसेल.

आता सर्वांत महत्त्वाचं, कारण यात दुसरी माणसं गुंतलेली आहेत. आपल्यापैकी कित्येक जण प्रबंधासाठी गावाकडेच जातात: कापूस, बोंडअळी, कर्ज, शेतकरी आत्महत्या. मुलाखत फोनवर रेकॉर्ड होते आणि ऐकून लिहून द्यायला व्हॉट्सॲपवरून मित्राकडे जाते. असं करू नका. इथल्या विद्यापीठासाठी गोळा केलेली माहिती गावातली असली तरी तिला ब्रिटनचा 2018 चा डेटा संरक्षण कायदा लागू होतो. ती विद्यापीठानं सांगितलेल्या जागीच ठेवायची. खासगी जीमेल किंवा टेलिग्राम त्यासाठी नाही.

कायद्यापेक्षा त्या बाईचा विचार करा, जिनं ओसरीत बसून सावकाराचं किती देणं आहे ते तुम्हाला सांगितलं. फाइलची लिंक ‘ज्याच्याकडे लिंक असेल तो पाहू शकतो’ अशी ठेवली आणि ती गावच्या ग्रुपवर फिरली, तर संध्याकाळपर्यंत सावकाराच्या हातात असेल. लिंक नेहमी ठरावीक माणसांच्या नावानंच द्या. मुलाखतीच्या फाइलला खुणेचा आकडा द्या, खरी नावं आणि संमतीपत्रं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. नुसतं नाव काढून भागत नाही. ‘तीन पोरी, बोअरवेलचं कर्ज, नवरा गेल्या खरिपात गेला’ एवढं लिहिलं तरी तालुक्याला माणूस कळतो.

गावात रेंज नसते, मोठी फाइल चढत नाही. फोनला लॉक लावा, रेकॉर्डिंग त्यातच राहू द्या आणि यवतमाळ-अमरावतीला चांगलं वायफाय मिळालं की चढवा. फाइल खरंच वर गेल्याची खात्री झाल्याशिवाय फोनवरची प्रत पुसू नका. लॉगिन करताना पासवर्डसोबत एक कोडही मागतात, म्हणून निघण्याआधी तो कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप बसवून घ्या. ब्रिटनच्या सिमवर येणारा एसएमएस गावात पोहोचेलच असं नाही, ॲपमधला सहा आकडी कोड मात्र रेंज नसतानाही दिसतो.

शिक्षण संपत आलं की खातं कोणत्या तारखेला बंद होणार ते आयटी हेल्पडेस्कला लेखी विचारा. माजी विद्यार्थी म्हणून ईमेल चालू राहिलं तरी ड्राइव्हची जागा राहीलच असं नाही. प्रबंध, टिपणं, स्वतः लिहिलेलं सगळं आपल्या हार्ड डिस्कवर उतरवा. मुलाखतींमधलं मात्र गाइडला विचारल्याशिवाय काहीही सोबत नेऊ नका.