वेरूळजवळ मुक्काम करताय? आधी वार बघा

हॉटेल बुक करण्याआधी आणि साहेबांकडे रजा मागण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. अजिंठा सोमवारी बंद. वेरूळ मंगळवारी बंद. मोबाइलमध्ये नुसतं साठवू नका, कागदावर लिहून गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवा.

खुलताबाद-वेरूळकडचं शेताकडेचं हॉटेल सोयीचं असतं, वाद नाही. लेणी आणि घृष्णेश्वर दाराशी, खुलताबाद चार-पाच किलोमीटरवर, दौलताबाद वाटेत, म्हैसमाळ वर डोंगरात. अजिंठा तेवढा शंभरेक किलोमीटर. पण मुक्काम असा मधोमध असला की क्रमाचा विचार कुणी करतच नाही. लांबचं आधी उरकू, जवळचं कुठे पळून जातंय, असं वाटतं. आम्ही याच हिशेबाने सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ ठेवलं. दोन्हीकडे कुलूप बघायचं असेल तर याहून चोख क्रम नाही! रविवार-सोमवार-मंगळवार असा मुक्काम असेल तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, बस्स. शनिवार-रविवार-सोमवार असेल तर अजिंठा पहिल्या दोन दिवसांत उरका.

वार बाकी ठिकाणीही आडवा येतोच. घृष्णेश्वराला सोमवारी गर्दी, आणि श्रावणी सोमवारी तर विचारूच नका. खुलताबादला भद्रा मारुतीपाशी शनिवारी रांग. आडवा झोपलेला मारुती निवांत बघायचा तर दुसरा कुठलाही वार चालेल. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावं लागतं, तेव्हा सहज काढता येईल असा शर्ट घाला.

कपडे, औषधं, पाणी हे तुम्हाला सांगायला नको. बूट मात्र सांगतो. अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांत शिरताना दर वेळी पादत्राणं बाहेर काढायची असतात. नाड्यांचे बूट घालून गेलात की पाचव्या लेण्यापर्यंत घरातलं कुणीतरी दाराशीच बसकण मारतं आणि 'तुम्ही बघून या' म्हणतं. सरळ पायात सरकवायचं काहीतरी घाला, पण रबरी स्लिपर नको, पायऱ्या खूप आहेत. दगड तापतो, म्हणून मोजेही ठेवा.

रात्री जेवतानाच हॉटेलच्या स्वयंपाकघरात सकाळचा डबा सांगून ठेवा. अशा हॉटेलात आचारी सावकाश उगवतो आणि पोहे येईपर्यंत ऊन चढतं. अजिंठा सकाळी नऊला उघडतं आणि तुम्हाला तिथे नऊलाच पोचायचंय. गाडी फर्दापूर फाट्यालाच लावायची, पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने. सुटे पैसे जवळ ठेवा. चढणं जमत नसेल त्यांना डोली मिळते, भाव आधी ठरवा.

वरती पहिल्यापासून एकेक बघत गेलात तर दहाव्याला जीव कंटाळतो. एक, दोन, सोळा, सतरा ही चित्रांची लेणी डोळे ताजे असताना बघा आणि सव्विसाव्यातल्या बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या शिल्पासाठी पायांत बळ राखून ठेवा. आत फ्लॅश चालत नाही. उजेडही बेताचाच असतो, म्हणून शिरल्या शिरल्या 'काही दिसत नाही' म्हणून मागे फिरू नका. थोडा वेळ नुसते उभे राहा. पहिल्या लेण्यात आधी पद्मपाणी बोधिसत्त्वाचा मुकुट दिसायला लागतो, मग हातातलं कमळ, आणि मग कडेची माणसं एकेक करून भिंतीतून बाहेर येतात. आणि हो, सोमवारी नाही.

दौलताबाद आठवडाभर उघडं असतं. ज्या वारी दुसरं काही बसत नाही तो वार इथे घाला. पण सकाळीच जा, बारादरीपर्यंतचा चढ दुपारचा नाही. इथे लागते ती बॅटरी. खंदकावरचा पूल ओलांडला की अंधारी लागते. कातळातला वळणावळणाचा जिना, पायऱ्या एकसारख्या नाहीत, वटवाघळांचा उग्र वास. मोबाइलचा उजेड पुरतो असं सगळे सांगतात. पण एक हात भिंतीला, दुसऱ्यात पोराचा हात, मग मोबाइल काय दातात धरणार? डोक्याला बांधायची बॅटरी घ्या. तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीची राजधानी इथे का आणली ते वर गेल्यावर कळतं, आणि ती टिकली का नाही तेही पाण्याची बाटली संपल्यावर कळतं. खाण्याची पिशवी उघडी धरू नका, माकडं आहेत.

वेरूळला पुन्हा विचारतो, आज मंगळवार नाही ना? मग चला. चौतीस लेणी एका दमात होत नाहीत. सकाळी बाकीची बघा आणि कैलास दुपारनंतर ठेवा, दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. दहावं विश्वकर्मा लेणंही उतरत्या उन्हातच खुलतं. तीस ते चौतीस ही जैन लेणी लांब आहेत, उन्हात चालत जाण्याचा हट्ट नको. पावसाळ्यात एकोणतिसाव्यापाशी धबधबा असतो, तिथे कपड्यांचा एक जोड जास्तीचा लागेल.

एखादा दिवस उरलाच तर कन्नडकडे पितळखोऱ्याची लेणी. पायऱ्या उतरून जायचं, तेवढ्याच परत चढायच्या. पाणी आणि खाणं घरचं. म्हैसमाळ संध्याकाळचं. पैठण या मुक्कामावरून करू नका, उलट्या दिशेला आहे. बीबी का मकबरा आणि पाणचक्की संभाजीनगर शहरात, ती परतीच्या दिवशी.

निघायच्या आदल्या रात्री बिल मागा, सकाळी काउंटरवर कुणी नसतं. हंगाम असेल तर दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळं घ्या, कडक बघून, पिकलेली डिकीत फुटतात.